धाकट्याच्या नावाचा रस्ता

मुकादमाचं धाकट्या भावावर प्रेम नाही असं कुणी म्हणालं असतं, तर मुकादम त्याच्या अंगावर धावून गेला असता. भावावर त्याचा जीव होता. फक्त भावाचं चांगलं झालेलं त्याला बघवत नव्हतं, आणि भावाचं आयुष्यभर सारखं चांगलंच होत गेलं.

दोघांत अंतर दोन वर्षांचं. थोरला अंगानं दणकट, बोलायला जड. धाकटा काडीसारखा, पण जिभेवर साखर. लहानपणी एकदा चेंडू शेजारच्या खिडकीवर बसला. चेंडू मारला होता धाकट्यानं. थोरला घाबरून पळाला आणि पळाला म्हणून धरला गेला. धाकटा मात्र सरळ शेजारणीच्या दारात जाऊन उभा राहिला. "काकू, काच फुटलीय. तुकडे तुमच्या पायात जातील. मी झाडून देऊ का?" शेजारणीनं त्याच्या हातावर खाऊ ठेवला, आणि घरी थोरल्याच्या पाठीत धपाटा बसला. "बघ, तुझ्यापेक्षा लहान आहे तो," आई म्हणाली. चेंडू मी मारला नव्हता हे थोरल्याला सांगायचं होतं, पण तोवर विषय बदलला होता. त्याचं नेहमी असंच व्हायचं. बोलायचं सुचेपर्यंत विषय बदललेला असायचा.

पुढं रस्ते खात्यात मैलमजुरांची भरती निघाली. दोघेही गेले. परीक्षा सोपी होती. खडीनं भरलेलं घमेलं डोक्यावर घ्यायचं आणि न थांबता शंभर पावलं चालायचं. थोरला दीडशे चालला. धाकटा चाळिसाव्या पावलावर खाली बसला. मग उठला, कपडे झटकले, खडीच्या ढिगावर चढला आणि अधिकाऱ्याला म्हणाला, "साहेब, तुम्हाला रस्ता राखायला माणूस हवाय की गाढव?" मागं उभी असलेली नापास मंडळी आधी हसली, मग ओरडायला लागली. दुपार कलायच्या आत तो चाळीस नापासांचा पुढारी झाला होता, आणि भरती पुन्हा घेण्याचं लेखी आश्वासन त्याच्या खिशात होतं. थोरला नोकरी लागल्याची बातमी घेऊन घरी पोचला, तर घरात धाकट्याच्या भाषणाचीच चर्चा चालली होती.

"माझा एक रस्त्याला लागला आणि एक मार्गाला लागला," आई कौतुकानं आल्यागेल्याला सांगायची. तिच्या मनात काही नसायचं. पण ऐकणाऱ्या थोरल्याच्या मनात होतं.

थोरला बारा वर्षांनी टोळीचा मुकादम झाला. त्याच्याकडे हमरस्त्याचा अकरा किलोमीटरचा पट्टा होता, चौदाच्या दगडापासून पंचविसाच्या दगडापर्यंत. त्याची चौकी म्हणजे दोन खोल्या. एकीत फावडी, पहारी, डांबराची झारी आणि लाल झेंडे. दुसरीत टेबल, कामाची डायरी आणि भिंतीला लावलेला पट्ट्याचा नकाशा. अंगणात डांबराची पिंपं आणि एक म्हातारा रोलर. हा रोलर मुकादमाशिवाय कुणाच्या हातानं सुरू होत नसे. कुठल्या वळणावर रस्त्याखालून पाणी झिरपतं, कुठली मोरी आधी तुंबते, जड गाड्या कुठं ब्रेक लावतात आणि तिथलं डांबर कसं लाटेसारखं पुढं सरकतं, हे त्याला पाठ होतं. नवीन येणारा प्रत्येक अभियंता पहिल्या महिन्यात नकाशा बघायचा आणि दुसऱ्या महिन्यापासून मुकादमाला विचारायचा.

धाकटा दरम्यान नगरसेवक झाला, सभापती झाला, मग दोनदा आमदार झाला. लोक त्याला साहेब म्हणत. चारचौघांत मुकादमालाही साहेबच म्हणावं लागे. शब्द घशात अडकायचा, मग तो खोकून घ्यायचा. घरात सगळ्यांना वाटायचं, डांबराच्या धुरानं याला खोकला जडलाय.

तसा धाकटा वाईट नव्हता. थोरल्याला वाकून "दादा" म्हणायचा, गाडी थांबवून टोळीतल्या बायकांची चौकशी करायचा. मुकादमाला खरं तर तेच सलायचं. वाईट असता तर त्याच्यावर उघड रागावता आलं असतं.

एका साली अठराच्या दगडाजवळची मोरी पाण्यानं वाहून गेली. मुकादम आणि त्याची टोळी पहाटेपासून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून दगड रचत होती. अकराच्या सुमारास साहेबांची जीप आली. साहेबांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरून दोन घमेली उचलली आणि तिसरं उचलताना फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला. फोटोत साहेब होते, घमेलं होतं, आणि डाव्या कोपऱ्यात कुणाचं तरी एक कोपर होतं.

"हे कोपर माझं आहे," मुकादम बायकोला म्हणाला.

"माहीत आहे."

"कसं काय?"

"एवढं काळं कोपर दुसऱ्या कुणाचं असणार? पोरांची शपथ घेऊन सांगते, साबण घेऊन बसलं तरी निघणार नाही ते." मग नवऱ्याचा चेहरा बघून ती मऊ झाली. "अहो, मला माहीत आहे ना? मग झालं तर."

पण एवढ्यानं त्याचं झालं नव्हतं. आईनं तो फोटो चौकट करून बैठकीच्या खोलीत लावला. मुकादम आईकडे गेला की फोटोकडे पाठ करून बसायचा. आई गेल्यावर चौकट कुणी न्यायची हा प्रश्न निघाला, तेव्हा कुणी विचारायच्या आधीच तो "मला नको" म्हणाला.

धाकटा पंचावन्नाव्या वर्षी गेला. भर सभेत, बोलता बोलता, वाक्याच्या मधेच. समोर पाण्याचा पेला होता, तो घ्यायला हात पुढं केला आणि टेबलावरच कलंडला. मुकादम धाय मोकलून रडला, आणि त्या रडण्यात तिळमात्र खोटं नव्हतं. अंत्ययात्रा त्याच्याच पट्ट्यावरून निघाली. खात्यात दर वर्षी वाहनगणती व्हायची. रस्त्याकडेला बसून गाड्या मोजायची ती सवय हाडीमासी मुरलेली. अंत्ययात्रेच्या पुढच्या गाडीत बसून मुकादम रुमालानं डोळे पुसत होता आणि मागं वळून गाड्या मोजत होता. चारशे बारा भरल्या. मग त्याच्या मनात आलं, मी गेलो तर किती? टोळीचा टेम्पो, मेहुण्याची गाडी, फार तर अभियंत्याची जीप. या विचाराची त्याला स्वतःलाच लाज वाटली आणि तो पुन्हा रडायला लागला. शेजारी बसलेल्या मेहुण्यानं पाठीवर हात ठेवला. "सावरा. भावाचं दुःख मोठंच असतं."

या सगळ्याला वर्ष होत आलं, आणि मुकादमाच्या नोकरीचं दीड वर्ष उरलं, तेव्हा उपअभियंत्यानं त्याला कचेरीत बोलावलं. उपअभियंता वयानं त्याच्या मुलाएवढा, पण माणूस शहाणा.

"मुकादम, बसा. चहा सांगितलाय. आनंदाची बातमी आहे." त्यानं कागद पुढं सरकवला. "वरून आदेश आलाय. साहेबांच्या स्मरणार्थ हमरस्त्याच्या एका भागाला त्यांचं नाव देणार. आणि भाग कुठला माहीत आहे? चौदा ते पंचवीस. तुमचाच पट्टा!"

मुकादमानं कागद वाचला. पुन्हा वाचला. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना निळी पाटी लागणार होती. पाटीवर धाकट्याचं पूर्ण नाव होतं, म्हणजे त्याचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. मुकादमाच्या लक्षात आलं, यातले शेवटचे दोन शब्द आपलेही आहेत. पहिलाच तेवढा नाही.

"मोठी पाटी पंधराच्या दगडाजवळ लावू. मंत्री पडदा ओढणार," उपअभियंता सांगत होता. "आणि बसवायचं काम तुम्हीच करायचं. सख्ख्या भावाच्या हातून पाटी उभी राहते, असं किती जणांच्या नशिबी येतं?"

"कुणाच्याच नाही," मुकादम म्हणाला आणि खोकला.

घरी त्यानं बायकोला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "एकतीस वर्षं मी तो रस्ता सांभाळला," तो म्हणाला. "खड्डा पडला की मी. झाड पडलं की मी. गाडी उलटली की आतली माणसं मी ओढून काढली. त्यानं काय केलं? त्याच्यावरून गेला."

"असं बोलू नये गेलेल्या माणसाबद्दल."

"असताना कुठं बोलू दिलंत?"

ती घडी घालायची थांबली. "मी कधी अडवलं हो तुम्हाला?" तिनं विचारलं. खरंच तिनं कधी अडवलं नव्हतं.

पाटी ट्रकमधून आली. बारा फूट रुंद, दोन लोखंडी खांबांवर उभी राहणारी. आराखड्यात स्वच्छ लिहिलं होतं, प्रत्येक खांबाला दीड मीटर खोल खड्डा घ्यावा. टोळी पहारी घेऊन कामाला लागली. वरचा थर भरावाचा होता, म्हणून भुसभुशीत. पाऊण मीटरवर कठीण मुरूम लागला. मुकादम काठावर उभा होता. पाटी बाजूला आडवी ठेवली होती, आणि निळ्यावरची पांढरी अक्षरं उन्हात अशी चमकत होती की डोळ्यांत पाणी यावं.

"बास," तो म्हणाला. "खांब सोडा."

टोळीत एक मावशी होती. मुकादमाच्याही आधीपासून रस्त्यावर काम करणारी, तोंडानं फटकळ. तिनं खड्ड्यात वाकून पाहिलं. "मुकादम, एवढ्यानं होईल?"

"मुरूम लागलाय. धरेल."

"खांब केवढा, वर पाटी केवढी! आणि तुम्हीच सांगता ना, भरावावर भरवसा नाही म्हणून?"

"मावशी, इथं मुकादम तू आहेस की मी?"

एकतीस वर्षांत त्यानं मावशीला असं कधी उत्तर दिलं नव्हतं. मावशी बाजूला झाली. खांब उभे राहिले, भोवती काँक्रीट पडलं, वर मातीचा थर पसरला. उपअभियंत्यानं मोजमापाच्या वहीत सही केली, खड्डा न बघता. "तुम्ही म्हणता ना दीड, मग दीड." मुकादमाला वाटलं होतं, सही होताना छातीत गार वाटेल. तसं काही वाटलं नाही. पण उचलून पुन्हा खणावं असंही वाटलं नाही. पडली तर पडू दे, एवढंच मनात होतं. चार महिन्यांत वाकडी होईल, लोक हसतील, मग कुणी तरी काढून नेईल.

समारंभ थाटात झाला. रस्त्याकडेला मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक. धाकट्याची बायको पहिल्या रांगेत बसली होती. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत, पन्नाशी उलटली तरी. मुकादमाची खुर्ची चौथ्या रांगेत होती. तिच्यावर बसणार तोच छायाचित्रकार धावत आला. "काका, तुमची ती कामाची माणसं जरा पलीकडे घ्या ना. पाटीच्या मागं दिसतायत." मुकादम उठला, टोळीला घेऊन मंडपाच्या मागं गेला आणि मग तिथंच उभा राहिला. मंत्र्यांनी पडदा ओढला. "या रस्त्याचा एकेक दगड साहेबांनी स्वतःच्या हातानं रचला!" मंत्री म्हणाले, आणि टाळ्या कडाडल्या.

"दोन घमेली," मावशी हळूच म्हणाली. "तिसरं अर्धंच उचललं होतं."

टोळी खुदकन हसली. मुकादमाला त्या क्षणी मावशीचे पाय धरावेसे वाटले. मग त्याला आठवलं, या बाईला आपण चार दिवसांपूर्वी काय बोललो.

दुसऱ्या दिवसापासून नवा जाच सुरू झाला. आदेशात लिहिलं होतं, यापुढं सगळ्या कागदपत्रांत पट्ट्याचा उल्लेख नव्या नावानंच करावा. मुकादम रोज सकाळी डायरी उघडायचा आणि तारखेखाली, सुंदर अक्षरात, भावाचं पूर्ण नाव लिहायचा. त्याखाली लिहायचं, "दोन खड्डे भरले." किंवा "मेलेलं कुत्रं उचललं." पहिल्या दिवशी त्याला याची थोडी गंमत वाटली. आठव्या दिवशी पेन टोचून कागद फाटला.

नवव्या दिवशी तो दुपारी मोटारसायकलवरून पाहणीला निघाला. पंधराच्या दगडाजवळ आला तर पाटीच्या सावलीत माणसं बसलेली. त्या उघड्या वळणावर बसची वाट बघायला आजवर सावली नव्हती. ती आता झाली होती. दोन कॉलेजच्या मुली, एक पोतं घेतलेला म्हातारा, आणि खांबाला टेकून, डोळे मिटून, धाकटी.

तेवढ्यात एक भरलेला ट्रेलर वळणावरून गेला. वाऱ्याचा झोत आला आणि पाटी डुलली. फार नाही, बोटभर. पण खांबाच्या बुडाशी, मातीच्या थरात, केसाएवढी भेग उघडली आणि मिटली. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती. मुकादमाला दिसली.

"उठा! उठा सगळे तिथून!" तो मोटारसायकल तशीच टाकून धावला. "धाकटे, ऊठ म्हणतो ना!"

मुली घाबरून लांब झाल्या. म्हाताऱ्यानं पोतं ओढलं. धाकटी पदर सावरत उठली. "काय झालं भाऊजी?"

मुकादमानं गाडीवरचे दोन लाल झेंडे काढले, पाटीच्या दोन्ही अंगांना रोवले, दोरी बांधली आणि माणसांना दोरीपलीकडं नेलं. चौकीवर फोन करून टेकू आणायला सांगितलं. मग तो रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला. धाकटी समोर उभीच होती.

"खड्डे कमी खणलेत," तो म्हणाला. "निम्मेच. मी मुद्दाम तसं केलं."

बसमध्ये चढता चढता मुली मागं वळून बघत होत्या. बस निघून गेली. मग धाकटीनं विचारलं, "त्यांच्यावर राग होता?"

"राग नाही." त्याला शब्द शोधावा लागला. "त्याचं सगळं व्हायचं. माझं काहीच व्हायचं नाही. आणि आता माझा रस्ताही त्याचा झाला."

धाकटी त्याच्या शेजारी, जरा अंतरावर, दगडावर टेकली. "मी दर दोन दिवसांनी इथं येते," ती म्हणाली. "घरात लोक येतात, ते साहेबांच्या बायकोला भेटायला येतात. इथं कुणी ओळखत नाही. बरं वाटतं."

मुकादमाच्या मनात एक प्रश्न कित्येक वर्षं होता. त्यानं तो आता विचारून टाकला. "तो घरी कधी माझ्याबद्दल काही म्हणायचा?"

धाकटीनं विचार केला. त्याला दिसत होतं, ती खरंच आठवून बघतेय. "नाही हो," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू? ते कुणाबद्दलच फारसं बोलायचे नाहीत. घरी आले की दमलेले असायचे. सगळं बोलणं बाहेर संपवून यायचे." मग म्हणाली, "पण या पट्ट्यावर त्यांना झोप लागायची. इतर कुठं गाडीत डोळा लागला नाही कधी त्यांचा. चौदाचा दगड आला की मान टाकायचे आणि पंचवीस गेल्यावर जागे व्हायचे. ड्रायव्हर म्हणायचा, इथं गाडीला धक्काच बसत नाही."

दुसऱ्या कुणाला हे ऐकून भरून आलं असतं. मुकादम मात्र ताडकन उभा राहिला. "म्हणजे एकदाही बघितला नाही त्यानं! मी साइडपट्टीचं गवत कापायचो, मोऱ्यांना चुना मारायचो, आणि हा झोपायचा!"

धाकटीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिला हसू आलं. मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मुकादमाला आधी राग आला, मग त्याच्याही ओठांचे कोपरे हलले. तेवढ्यात टेकू घेऊन टेम्पो आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कचेरीत गेला आणि उपअभियंत्याला सगळं खरं सांगितलं. उपअभियंत्यानं टेबलावरचं पेन उचललं.

"माती खचली असं लिहू," तो म्हणाला. "तुमचं एवढंसं राहिलंय. सेवापुस्तक कोरं आहे. डाग कशाला?"

"वहीत तुमची सही आहे साहेब. उद्या कुणी खणून बघितलं तर तुम्ही अडकाल. चूक माझी आहे, माझ्याच नावावर राहू दे."

मग रीतसर नोटीस निघाली. खड्डे आराखड्यापेक्षा कमी खोल का घेतले, याचं कारण लेखी द्यावं. मुकादम नोटीस घेऊन चौकीत बसला. त्यानं तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, "कारण : मत्सर." खाली सही केली आणि नेऊन दिला.

उपअभियंत्यानं कागद वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला. "मुकादम, हे काय? मत्सर? सरकारी कागदावर?"

"कारण विचारलंय ना? दुसरं काही नव्हतं."

"अहो, पण याला वर कुठल्या कलमात बसवतील? दुर्लक्षाला कलम आहे. निष्काळजीपणाला आहे. मत्सराला नाही."

"दुर्लक्ष नव्हतं साहेब. पूर्ण लक्ष होतं."

उपअभियंत्यानं डोकं धरलं. शेवटी त्यानं स्वतःच्या हातानं तो शब्द खोडून वर "निष्काळजीपणा" लिहिलं आणि मुकादमाकडून शेजारी छोटी सही करून घेतली. सेवापुस्तकात ताकीद लागली. एकतीस वर्षांतली पहिली.

पाटी क्रेननं उतरवली. जुनं काँक्रीट फोडलं. या वेळी मुकादमानं दुसऱ्या कुणाला खड्ड्यात उतरू दिलं नाही. मावशी काठावर उभी राहून माती ओढत होती. कंबरेपर्यंत गेल्यावर त्यानं वर बघून विचारलं, "मावशी, एवढ्यानं होईल?"

"मुकादम कोण आहे इथं?" मावशी म्हणाली.

"तूच."

"मग अजून हातभर खणा."

त्यानं हातभर खणलं. दीड मीटरच्याही खाली गेला. साठीला आलेलं शरीर, पाठ बोलत होती. मुरमावर पहार आपटताना त्याच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं, हा गेल्यावरही मला राबवतोय. हे मनात आलं की पहार जरा जोरानं पडायची, आणि काम लवकर व्हायचं. संध्याकाळी बायको डबा घेऊन आली तेव्हा खड्ड्यातून फक्त त्याची टोपी दिसत होती. ती काठावर बसली. "निघा वर," ती म्हणाली. "पाटी लावायचीय, विहीर नाही पाडायची."

त्या वर्षीचं वादळ लोकांच्या अजून लक्षात आहे. बाविसाच्या दगडाजवळची चार झाडं आडवी झाली, पेट्रोलपंपाचं छप्पर उडून शेतात पडलं. वारा ओसरल्याबरोबर मुकादम टोळी घेऊन निघाला. रस्ता मोकळा करत करत पंधराच्या दगडाशी पोचला. पाटी जागच्या जागी उभी होती, धुतल्यासारखी स्वच्छ. त्याला पुन्हा ती जुनी कळ उठली. मग लगेच, त्या कळीला लागूनच, दुसरं काही तरी वाटलं. खांबावर थाप मारून त्यानं हलला तर नाही ना ते बघितलं आणि टोळीला पुढं चला म्हणाला.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात नवा मुकादम आला. तिशीतली एक मुलगी होती, हातात फोन, पायात चांगले बूट. मुकादम तिला पट्टा दाखवायला चालत निघाला. ती प्रत्येक मोरीचा फोटो काढायची आणि फोनमध्ये काहीबाही टिपून घ्यायची. "हे सगळं लक्षात राहत नाही का?" त्यानं तोंड वाकडं करून विचारलं. "तुमच्याइतकं नाही राहणार काका, म्हणून लिहून घेते," ती म्हणाली. यावर रागावता येईना.

पंधराच्या दगडापाशी ती थांबली. पाटी वाचली, मग मुकादमाकडं पाहिलं. "आडनाव तुमचंच. हे तुमचे कोण?"

"धाकटा भाऊ," मुकादम म्हणाला.

मग तो बोलायला लागला. बोलायला जड असलेला हा माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून पाऊण तास बोलला. भरतीच्या दिवशीचं खडीच्या ढिगावरचं भाषण त्यानं हातवारे करून म्हणून दाखवलं, गाढवासकट. ती पोट धरून हसली. सभेत कसा गेला ते सांगताना त्यानं पेल्यासाठी हात पुढं करून दाखवला. चारशे बारा गाड्या होत्या, हेही सांगितलं.

"मोठा माणूस होता," ती म्हणाली.

"होता," मुकादम म्हणाला. आणि हे म्हणताना तोंड थोडं कडू झालंच. ते कधी पूर्ण गेलं नाही, पुढंही नाही. मग तो पाटीला वळसा घालून सोळाच्या दगडाकडं चालू लागला. तिथं उजव्या बाजूला पाणी झिरपायचं, आणि ते उन्हाळ्यातच बघून ठेवावं लागायचं.